गजूदादाची भुताची मासिकं आणि मी गिळलेली गोष्ट

माझ्या भावानं माझ्या नवऱ्याचे दोन दात पाडले होते.

आणि मला लई बरं वाटलं होतं.

गजूदादाला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी फॅमिली ग्रुपवर मामांनी त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "मनानं चांगला होता. त्या घाणेरड्या पुस्तकांनी डोकं बिघडवलं पोराचं."

सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडणार होते. मग फोनच गादीवर फेकला.

बास झालं. आज बोलते.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. माझा थोरला भाऊ वाळूजला कंपनीत प्रेस मशीनवर होता. बजाजनगरला एका खोलीत राहायचा. त्याला एकच नाद, जुन्या हॉरर पिक्चरची मासिकं. राक्षस, पिशाच्च, कापलेली मुंडकी. इंग्रजी, हिंदी, जे घावेल ते. दर रविवारी शहागंजला रद्दीवाल्या चाचांकडं हजर.

चाचा लांबूनच ओरडायचे, "आओ गज्जूभाई, तुमारे वास्ते भूत निकालके रख्या मैं!"

लासूर स्टेशनला आमच्या घरी दोन पत्र्याच्या पेट्या भरल्या होत्या. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, आत कडुलिंबाचा पाला. आई करवादायची, "देवाच्या घरात मुडदे आणून ठेवलेत ह्यानं!"

मला शेजारी बसवून दाखवायचा. मेकअपची पानं त्याची सगळ्यात लाडकी. खोटा मार कसा रंगवतात ते.

"हे बघ सुमे, ताजा मार लाल. मग निळा-जांभळा. आठवड्यानं कडेनं हिरवा-पिवळा. रंग चुकला की पब्लिक हसतंय."

"शी! ठेव ते. जेवायचंय मला."

पुढं मला पुंडलिकनगरला दिलं. नवरा निर्व्यसनी, गोड बोलणारा. सकाळी तासभर देवपूजा. सगळे म्हणायचे, सुमीनं नशीब काढलं.

लेक तीन वर्षांची होती तवाची गोष्ट. पंचमीला दादा मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला आला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि बाही वर सरकली.

"काय झालं?"

"बाथरूममधी पडले."

त्यानं माझा हात धरून खिडकीपाशी नेला. मासिकाचं पान बघावं तसा बघितला.

"हा पिवळा आठवड्याचा. हा निळा परवाचा. हा लाल आजचा. सुमे, रोज पडती का तू? आणि पडल्यावर पाच बोटं उमटत्यात व्हय?"

मी त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय. कुणाला सांगू नको."

"नाय सांगत," म्हणला.

तेवढ्यात नवरा पूजा उरकून बाहेर आला. "अरे, कधी आलात?"

दादा वळला. पहिला ठोसा तोंडावर. दुसऱ्यानं नवरा देव्हाऱ्यावर जाऊन आदळला, समई आडवी झाली. तेलावरून दोघं घसरले. दादा त्याच्या छातीवर बसून मारत होता. फरशीवर रक्त, तेल, कुंकू सगळं एक. एक दात लेकीच्या भातुकलीपाशी जाऊन पडला.

मी "सोड, सोड" ओरडत होते. लई जोरात नव्हते ओरडत, खरं सांगते.

दोन दिवसांनी लासूरला बैठक बसली. सासरची माणसं, आमचे वडील अण्णा, मामा. मामा गरजले, "जावयावर हात टाकतो? का मारलं?"

दादानं माझ्याकडं बघितलं. सांगू का, असं.

मी मान हलवली. नको.

"डोकं फिरलं माझं," तो म्हणला.

"फिरणारच! दिवसभर मुडदे आणि कापाकापी बघितल्यावर दुसरं काय व्हणार?" मामांनी तिथंच निकाल दिला. पेट्या जाळा.

पेट्या दादानंच अंगणात आणल्या. एकेक अंक पिशवीतून काढून अण्णांच्या हातात दिला. प्लास्टिक जळलं की धूर लई होतो, आणि माझ्या लेकीला खोकला होता, म्हणून. मग मामांनी त्याच्या दोन कानफटात मारल्या, जावयाचे पाय धरायला लावले.

त्यानं धरले.

मी तिथंच उभी होते.

त्यापुढं तीन वर्षं मी मार खाल्ला. आता पाठीवर, मांडीवर, दिसणार नाय तिथं. नवऱ्याला कळून चुकलं होतं, ही बोलत नसती.

मग एक दिवस त्यानं लेकीवर हात उगारला. माझ्या हातात तापलेला तवा होता. तोच हाणला. लेकीला उचललं, रिक्षात घातलं आणि थेट बजाजनगर.

दादानं सगळं ऐकून घेतलं. "कुठं लागला तवा?"

"कानाखाली."

"बेस."

नंतर एकदा मी म्हणले, "दादा, मामांना खरं सांगते आता." तर म्हणला, "कशाला? पेट्या परत येणारेत का?" मी लगेच गप बसले. मला तेच पाहिजे होतं ना.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी ड्युटीवरून येताना ट्रकनं उडवलं त्याला. घाटी दवाखान्यात चादर मीच वर केली. सगळा लाल होता. निळं पडायला वेळच मिळाला नाय त्याला.

मामा, तुम्ही पण वाचा. पुस्तकांनी नाय बिघडवलं माझ्या भावाला. त्या पुस्तकांमुळंच त्याला दिसलं. त्या पंचमीच्या आधी दर सणाला ह्याच हातांनी मी तुमच्या पाया पडत होते. तुम्हाला दिसलं नाय.

श्रद्धांजली-बिद्धांजली मला लिहिता येत नाय.

दादा, त्या दिवशी बैठकीत तू मला विचारलं होतंस, सांगू का.

सांगितलं बघ. सगळ्यांसमोर.

लई उशीर केला रे. माफ कर.

तुझी सुमी