वस्ती बसत होती तेव्हा
बहरीनमध्ये माहूज भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असायची आणि आम्ही राहायचो चौथ्या मजल्यावर. एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पण पहिल्या खेपेला बायकोचा गर्भ पाचव्या महिन्यात पडला होता. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जिने चढायचे नाहीत. मी त्याच आठवड्यापासून तळमजल्यावरचं घर शोधायला लागलो.

घर मिळालं ते शहराबाहेर, वाळूत नव्याने उभ्या राहणाऱ्या एका वस्तीत. मी ड्राफ्ट्समन. तिथल्या सांडपाण्याच्या लाइनींचे नकाशे आमच्याच ऑफिसात निघाले होते, म्हणून राहायला जायच्या आधीच ती वस्ती मला कागदावर पाठ होती. प्रत्यक्षात पाहिली तेव्हा मात्र मन थोडं खट्टू झालं. सगळी घरं एकाच सायीच्या रंगाची. निम्म्या घरांना दारं नाहीत, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. रस्त्याकडेला खजुराची रोपं लावलेली, त्यांच्या झावळ्या दोरीने बांधून ठेवलेल्या. दुकान एकच, कोपऱ्यावरचं कोल्ड स्टोअर. इथे किराणा दुकानाला सगळे तेच म्हणतात. ते केरळचा एक पन्नाशीचा माणूस चालवायचा आणि पाण्याच्या बाटल्या, खुबूसच्या रोट्या, दूध स्कूटरवरून घरोघर पोचवायचा.

बायकोने दारात उभं राहून चहूकडे पाहिलं. ती अमरावतीची, एकदम आपलं मत द्यायची नाही. मग म्हणाली, "शांत आहे. अन् जिने नाहीत. मला चालते."

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. बहरीनचीच, साठीची, नवरा गेलेला. बापाच्या दुकानात लहानपणी हिंदी शिकलेली. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. गुडघे दुखायचे म्हणून ती क्वचित खाली उतरायची, पण रोज दुपारी जिन्यातून हाक मारायची, "बेटी, खाना खाया?" माहूजमध्ये सात वर्षांत शेजाऱ्यांपैकी कुणी आम्हाला असं विचारलं नव्हतं.

सामान लावलं त्याच दिवशी बायको म्हणाली, पत्ता लिहून द्या, घाईत आठवत नाही. मी नकाशातला रस्ता नंबर आठवून कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. तेव्हा आमच्या रस्त्यावर पाटी नव्हती. दोन महिन्यांनी निळी पाटी लागली. मी रोज तिच्यासमोरून गाडी काढायचो, पण ती वाचली एकदाही नाही. मला नंबर माहीत होता ना!

आठवा महिना लागून दहा दिवस झाले होते. मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला साइटवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास बायकोचा फोन आला. आवाज अगदी सरळ.

"अहो, पाणी गेलं. थोडं रक्तही आहे. मी अँब्युलन्स बोलावली. तुम्ही इकडं येऊ नका, सीधे सलमानिया हॉस्पिटलला या."

मी हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून गाडीत बसलो. हायवेला लागतोय तोच परत फोन.

"अँब्युलन्सवाले म्हणून राहिले, त्या रस्त्यावर घरच नाही. सगळे रिकामे प्लॉट आहेत म्हणते."

"कोणता नंबर सांगितलास?"

"फ्रिजवरचा. तुम्ही लिहिलेला."

मी गाडी कडेला घेतली. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मी लिहिला होता तो पहिल्या कच्च्या नकाशातला नंबर. नंतर रस्त्यांचे नंबर बदलले होते. बदललेला नकाशा माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता. आणि आता खरा नंबर काही केल्या आठवेना. मागच्या खेपेला मी काही करू शकलो नव्हतो, ते नशिबाचं होतं. या खेपेला चूक माझ्या हातची होती.

"खालाला हाक मार," मी म्हणालो. "जोरात मार."

फोन चालूच होता. बायकोची हाक ऐकू आली, मग जिन्यावर धपधप पावलं. दुखऱ्या गुडघ्यांची ती बाई कशी उतरली कोण जाणे. तिला तरी नंबर कुठे माहीत? ती सगळ्यांना 'मशिदीमागचं घर' म्हणून सांगायची, आणि मशिदी दोन बांधायला घेतलेल्या. तिने मला फोनवर एवढंच म्हटलं, "तुम गाडी चलाओ, मैं देखती हूं." मग आपल्या फोनवरून कोल्ड स्टोअरला फोन लावला.

पुढचं मला नंतर कळलं. दुकानदाराने गिऱ्हाइकांना तसंच सोडलं, शटरही ओढलं नाही. वस्तीत रिकामे प्लॉट एकाच बाजूला होते, तिकडे त्याने स्कूटर पिटाळली. अँब्युलन्सवाले खाली उतरून कुणी दिसतंय का पाहत होते. चला चला म्हणून यल्ला, यल्ला करत तो पुढे आणि अँब्युलन्स मागे, अशी वरात आमच्या दारात आली. खालाने बायकोला ओसरीत खुर्चीवर बसवलं होतं, तिचा हात धरून अरबीत दुआ पुटपुटत होती. बायको सांगते, अर्थ कळला नाही पण भीती गेली. खाला अँब्युलन्समध्येही चढली, घरातल्याच चपला पायांत.

मी सलमानियाला पोचलो तेव्हा बायकोला आत नेलं होतं. खाला बाकावर बसून होती. मी तिच्याशेजारी बसलो. तिने पर्समधून खजूर काढून माझ्या हातावर ठेवला. तो मी किती वेळ तसाच धरून बसलो होतो. मग नर्स बाहेर आली. मुलगी. लहान आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, पण रडली चांगली जोरात. आई ठीक आहे.

मला वाटलं मी ओरडेन, नाचेन. तसं काही झालं नाही. मी नुसता भिंतीला टेकलो, बस. खाला मात्र हमसून रडली.

संध्याकाळी बायकोला भेटलो. ओठ सुकलेले, चेहरा पांढरा. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आधी तो फ्रिजवरचा कागद फाडा. बाकी नंतर बोलू." आणि हसली. नंतर आम्ही त्यावर कधी बोललोच नाही.

मुलगी बारा दिवसांनी घरी आली. त्या बारा दिवसांत, हॉस्पिटलात भेटायची वेळ नसेल तेव्हा, मी वस्ती पायी फिरलो. प्रत्येक पाटी वाचली, वहीत लिहिली. दुकानदाराच्या डोक्यात वेगळाच नकाशा होता: हिरवं गेट, दोन मांजरं, शिक्षिका, रागीट म्हातारा. मी दोन्ही एकत्र करून मोठा नकाशा काढला आणि तो दुकानात लावला. घर नंबर, रस्ता, ब्लॉक, कंसात 'दोन मांजरं'. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "रागीट म्हातारा मत लिखो भाई, वो इधर ही आता है." ते खोडलं.

तो नकाशा मला दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागायचा. फार्मसी आली, लाँड्री आली, दोन सलून आली. मशिदी पुऱ्या झाल्या. खजुरांच्या बांधलेल्या झावळ्या सुटल्या. पुण्याचं एक कुटुंब आलं, मग नागपूरचं. नागपूरचे लोक आल्यापासून महिन्यातल्या एका शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये बुद्धवंदना होते आणि खाला वरून फळांचं ताट पाठवते. आता रिकामे प्लॉट उरले नाहीत, सगळ्यांच्या फोनमध्ये नकाशे आहेत, माझा कागद पिवळा पडून गळून गेला. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मुलगी सहा वर्षांची झाली. ईसा टाउनच्या शाळेत जाते. बस थेट दारात येते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि फक्त भूक लागली की आईसारखं वऱ्हाडी बोलते.

मागच्या महिन्यात बायको तिसऱ्या खेपेला ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाली. त्या शुक्रवारी तिने आम्हा तिघांना गाडीत बसवलं, खाला पुढे, मी आणि मुलगी मागे. गोल चौकाशी ती थांबली, डावीकडे नीट पाहिलं, आणि गाडी आत घातली. खाला म्हणाली, "शाबाश." मग आम्ही समुद्रापर्यंत जाऊन आलो.