पदराखालचा फोन

भर उन्हात गोदामावशी सूर्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या आणि फोनसकट त्यात शिरायच्या. बाहेर दिसायचा फक्त कॅमेऱ्याचा कोपरा. आतून हुकूम यायचा, "हालू नको. हां, डोळे उघड. आगं भूत बघितल्यावानी नको, नीट उघड!" समोर बाळ कडेवर घेतलेली एखादी आई हसू दाबत उभी. काळ्या कापडाखाली शिरणारा जुन्या काळचा फोटोग्राफर मी चित्रातच पाहिलाय. त्याचा अंगणवाडीतला अवतार मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात पाहिला. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गोदामावशी अंगणवाडी सेविका होत्या, सव्वीस वर्षं. मी नांदेडजवळच्या अर्धापूरची, सेविकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिणारी. त्या एप्रिलात मी तक्रारी गोळा करत गावोगाव हिंडत होते, तशीच त्यांच्याकडे पोचले. तक्रार अशी होती. आहाराची पाकिटं द्यायची तर आधी आईच्या चेहऱ्याचा फोटो अॅपमध्ये पटला पाहिजे, असा नियम आला होता. अंगणवाडीची खोली अंधारी, तिथे चेहरा पटत नाही. अंगणात चेहरा पटेल, पण कार्यालयानं दिलेल्या फोनची स्क्रीन उन्हात इतकी मंद की चेहरा गोलात आला की नाही तेच दिसत नाही. उजेड बोटानं वाढवावा, तर ती सेटिंग कार्यालयानं कुलूपबंद केलेली. प्रशिक्षणात सांगितलेलं, "फोन हुशार आहे, बाहेरचा उजेड बघून आपोआप स्क्रीन उजळवतो." काही उजळत नव्हता. म्हणून पदर.

पदराखाली दहातल्या तिघीचौघींचं जमायचं. बाकीच्यांना मावशी पाकिटं तशीच द्यायच्या आणि वहीत सही किंवा अंगठा घ्यायच्या. "लेकराचं पोट काय अॅपला इचारून भुकेजतंय का?" हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं, तेही उभ्यानं. त्या बसलेल्या मी क्वचित पाहिल्या. जेवायच्या तेही ओट्याशी उभं राहून, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं कुणाचं तरी नाक पुसत.

आणि मग नोटीस आली. फोटोविना पाकिटं वाटली, सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सेवा समाप्त. कागद वाचून माझं डोकं फिरलं. नांदेडला परत येऊन मी पत्रक लिहिलं: "भंगार फोन परत घ्या! खरेदीची चौकशी करा!" हजार प्रती छापल्या आणि तिसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन मावशींसमोर उभी राहिले.

त्यांनी पत्रक हात लांब करून वाचलं. पूर्ण वाचलं. आमच्या सभेत एवढं कुणी वाचत नाही.

"फोन भंगार हाय हे तुला कुनी सांगितलं?"

"तुम्हीच, मावशी."

"म्या म्हनलं, दिसत न्हाई. भंगार तू म्हनलीस." पत्रकाची घडी घालत त्या म्हणाल्या, "तुमच्या अर्धापुरात केळी पिकायच्या आधी पिकवतेत, तसं पत्रक बी पिकवलंस व्हय?"

मला राग आला. नोकरी ह्यांची जाणार आणि टोमणे मला! मी म्हटलं, "मग काय करायचं? हात जोडायचे का साहेबांना?"

"आधी बगू तर दे," मावशी म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पोरगं का रडतंय, डाळीला वास का येतोय, भांडण कुणी सुरू केलं, सगळ्याला एकच उत्तर: आधी बगू तर दे.

आणि त्या खरंच बघायला लागल्या. सुनेचा फोन घेतला, आपला सरकारी फोन घेतला, आणि दोन्ही हातांत दोन फोन धरून दारातून अंगणात, अंगणातून दारात अशा येरझाऱ्या सुरू केल्या. सून म्हणाली, "आत्या, लोक हसायलेत." "हसू दे. फुकट हाय." सुनेचा फोन उन्हात गेला की उजळायचा, सावलीत आला की मंदावायचा. सरकारी फोन दोन्हीकडे सारखाच मेलेला. मग त्यांनी सुनेच्या फोनवर तळहात फिरवला, खालून वर. वरच्या कडेला, बोलताना कानाशी येते त्या जागी हात आला आणि स्क्रीन हळूहळू मंदावली. हात काढला, उजळली. पुन्हा ठेवला, पुन्हा मंद.

"बग. ह्याचा डोळा हितं हाय. झाकला की त्याला वाटतंय, आंधार पडला."

आणि सरकारी फोनवर नेमकं तिथे काय होतं? मालमत्ता क्रमांकाची पांढरी चिठ्ठी. वाटपाच्या आधीच कार्यालयानं एकूणएक फोनच्या कपाळावर चिकटवलेली. चिठ्ठीचा कोपरा उचलला की स्क्रीन उजळायची, दाबला की पुन्हा मंद. फोन धडधाकट होता. त्याचा डोळा झाकून त्याला उन्हात पाठवला होता, आणि दिसत नाही म्हणून बाईला नोटीस.

माझी हजार पत्रकं खोटी ठरली. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर झाला नाही.

सातव्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी पंख्याखाली फोन हातात घेतला आणि म्हणाले, "स्पष्ट दिसतंय की सगळं."

"साहेब, माझी अंगनवाडी ट्यूबलाइटखाली न्हाई भरत. जरा भाईर चला."

"इथंच दाखवा काय ते."

"हितं ऊन आनून द्या, हितंच दाखवते."

दोन कारकून हसले. साहेबांना उठावंच लागलं. अंगणात उन्हात त्यांनी फोन तिरका केला, उलटा केला, हाताची सावली केली आणि शेवटी खिशातून रुमाल काढून डोक्यावरून फोनवर घेतला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "पदर बरा पडतो, साहेब. रुमाल पुरत न्हाई."

मी घोषणेसाठी तोंड उघडलं. "तू गप," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मग त्यांनी नखानं चिठ्ठी सोलली आणि फोनच्या पाठीवर लावली. स्क्रीन क्षणभर तशीच राहिली, मग भरभर उजळत गेली. भर दुपारी अक्षर न् अक्षर दिसायला लागलं. "ठीक आहे, बघतो," असं म्हणून साहेब आत निघाले.

"तोंडी नको," मावशी म्हणाल्या. "नोटीस कागदावर दिली. माघारी बी कागदावरच घ्या."

तासाभरानं कागद आला. त्यात लिहिलं होतं, सेविकेनं चिठ्ठी चुकीच्या जागी लावल्यामुळे अडचण उद्भवली, सबब समज देऊन नोटीस मागे घेण्यात येते. खाली मावशींच्या सहीची जागा.

आता मला जे सांगायचंय ते सोपं नाही. त्या क्षणी मी, शेकडो निषेध लिहिलेली मी, त्यांच्या कानाशी लागले, "करा सही, मावशी. नोकरी वाचतीय. बाकीचं आपण नंतर बघू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादं पोर चुकीचा पाढा म्हणतं तेव्हा पाहावं तसं.

"चिठ्ठी म्या लावली न्हाई," त्या म्हणाल्या आणि कागद टेबलावर ठेवून दिला.

बाहेर पायरीवर त्यांनी पहिलं काम काय केलं? त्यांच्या भागातल्या एकेका सेविकेला फोन लावला. "हाव, मीच. फोनच्या डोक्यावरची चिठ्ठी काढ, पाठीवर लाव. फेकू नको, नंबर हाय त्याच्यावर. कामून इचारू नको, आधी उन्हात जाऊन बग." शेवटचा फोन होईपर्यंत आमची बस गेली होती.

सही झाली नाही म्हणून नोटीस तशीच राहिली, आणि महिन्याभरात मावशींना कामावरून काढलं. नवी मुलगी आली. मावशींनी तिला वह्या दिल्या, वजनकाटा दिला, फोन दिला आणि कुठल्या आईला कुठल्या वेळी बोलवायचं तेही सांगितलं. तालुक्यातल्या सेविका आता उन्हात उभ्या राहून फोटो काढतात. कार्यालयानं चिठ्ठ्यांबद्दल एक ओळ अजून लिहिलेली नाही.

मी वरच्या कार्यालयात अपील करायचं ठरवलं आणि अर्ज लिहून त्यांच्याकडे नेला. चार पानं. त्या दारात उभ्या राहून वाचायला लागल्या आणि पहिल्याच ओळीला थांबल्या. "गरीब, असहाय सेविकेवर... असहाय कोन? खोड."

खोडलं. मग "जुलमी" गेलं, "षड्यंत्र" गेलं, दीड पान गेलं, तीन पानं गेली.

"मावशी, मग ठेवू काय?"

"चिठ्ठी सेविकेनं लावली न्हाई. लावली कुनी, ते सांगा. एवढंच ठेव."

"एवढंच?"

"एवढंच आपुन बगितलंय."

अर्ज तेवढाच गेला. माझ्या हातून गेलेला इतका लहान कागद तो पहिलाच, आणि त्याचं उत्तर वरच्या कार्यालयाला अजून देता आलेलं नाही.