मधला थर

"उसव," मालकीण म्हणाली.

मी गोठ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. पुढ्यात बाळाची गोधडी. आदल्या दिवशीच तिला शेवटचा टाका घातला होता. ती गोधडी मालकिणीनं ओट्यावरून काठीनं खाली ढकलली होती. हातानं नाही. काठीनं.

"तुझं तूच उसव. आमी कुनी हात लावनार न्हाई."

आणि मी उसवायला बसले. हे आधी लिहून ठेवते. पुढं मी काय बोलले ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्याआधी मी मान खाली घालून हातात ब्लेड घेतलं, हे कुणाला ठाऊक नाही.

मी चौथी शिकलेली. नेकनूरच्या बाजूला आमचं गाव. मी गोधड्या शिवते. जुनी लुगडी, फाटकी धोतरं, विटलेले परकर, लोकांच्या अंगावरून उतरलेलं सगळं माझ्याकडं येतं आणि मी त्याचं पांघरूण करते. या मालकिणीच्या घरच्या गोधड्या मी चाळीस वर्षं शिवल्या. गोठ्यात बसून. ओट्यावर कधी बसले नाही, बस म्हणून कुणी म्हणालं नाही. गोठ्याच्या कोनाड्यात माझा कप पालथा असायचा, बिनकानाचा. तो मीच धुवायचा, मीच पुढं धरायचा आणि वरून चहा पडायचा. मालकिणीची सून मला मावशी म्हणते. मावशी म्हणायची आणि वरून ओतायची. मी घरी सांगायचे, मला त्याचं काही वाटत नाही. वाटत होतं. काम तुटेल म्हणून मी गप्प बसायचे.

मालकिणीची नात पूजा. लहान होती तेव्हा शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्याकडं यायची. "आजी, मी ओवून देते," म्हणायची. दोऱ्याचं टोक ओठात धरायची आणि एका झटक्यात सुईत घालायची. मला चष्मा लागला नव्हता तेव्हाही मी तिला ओवू द्यायचे. मग आतून हाक यायची आणि ती पळायची. तीच पूजा आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाची गोधडी माझ्याच हातची पाहिजे, असं ती म्हणाली. हे मला सुनेनं सांगितलं तेव्हा मी हरखले. खोटं कशाला बोलू?

तान्ह्या लेकराच्या गोधडीला मऊ सुती कापड लागतं. त्या घरात आता सगळ्या साड्या सळसळीत. त्यात सुई सरकते, टाका धरत नाही आणि लेकराला घाम येतो. वरच्या आणि खालच्या थराला मालकिणीच्या दोन जुन्या सुती साड्या निघाल्या. मधल्या थराला काही नव्हतं.

माझ्या पेटीत आईचं लुगडं होतं. हिरव्या काठाचं.

त्या लुगड्याचं सांगायला पाहिजे. माझ्या आजीच्या काळापर्यंत गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या लोकांना मिळायचं. आमचा हक्कच होता म्हणे तो. आमच्या घरातली पांघरुणं त्याच कापडांची. आईबापानं धम्म घेतला आणि आईनं ते कापड घरात आणणं बंद केलं. दोन हिवाळे आम्ही पोती पांघरली. मग तिनं खडी फोडून स्वतःच्या कमाईतून पहिलं लुगडं घेतलं. ते हे. कुणाच्या अंगावरून उतरलेलं नाही, कुणी ओवाळून टाकलेलं नाही. आईनं नेसून नेसून ते कानाच्या पाळीसारखं मऊ केलं होतं. ती गेल्यावर मी ते कुणाला दिलं नाही. पोटच्या लेकीलाही नाही.

ते मी मधल्या थरात घातलं. पूजाच्या लेकरासाठी.

कुणाला कळलं नसतं. मधला थर कोण बघतं? पण गोधडी द्यायला गेले तेव्हा पूजा ओट्यावर बसली होती. तिनं गोधडी गालाला लावली. म्हणाली, "आजी, किती मऊ झालीय!" आणि माझी जीभ सैल सुटली. "मधी माझ्या आईचं लुगडं हाय गं. लई जपलं व्हतं."

आत मालकीण होती. ती बाहेर आली.

"कुनाचं लुगडं?"

मी पूजाकडं बघितलं.

"आमच्या लेकराच्या अंगाखाली तुझ्या आईचं लुगडं? आगं, तुला काय अक्कल?"

तिनं पूजाला गोधडी खाली टाकायला लावली आणि काठी मागवली. पूजा म्हणाली, "आजी, धुतलं की झालं ना." ती मालकिणीला म्हणत होती. शिकलेली पोर. माझ्या बाजूनं बोलली, आणि तेच मला जास्त लागलं. धुतलं की झालं.

मग मी उसवायला बसले. एक ओळ. दुसरी ओळ. माझे टाके बारीक असतात, एकेक तोडावा लागतो. सून दाराआड उभी होती. बैल रवंथ करत होते. सात-आठ ओळी झाल्या आणि आईचं लुगडं दिसायला लागलं. मी ते ओढलं. जुनं कापड, टाक्यात अडकलेलं. फाटलं. काठापासून आतपर्यंत गेलं.

मालकीण म्हणाली, "फाटू दे. फडकंच हाय. ते काढ आन सांजच्याला पुना शिवून दे. हिला कळा कवाबी लागत्याल."

पुन्हा शिवून दे. म्हणजे आईचं लुगडं नको, माझे हात पाहिजेत.

मी ब्लेड खाली ठेवलं.

"मालकीण, सुईत दोरा कसा जातो ठावं हाय का?"

"आता ह्ये काय मधीच?"

"तोंडात धरावा लागतो. थुकी लावावी लागती. ह्या घरातल्या टाक्याटाक्याला माझी थुकी हाय. चाळीस वरसं तुमी तीच पांघरून झोपताव. माझ्या आईचं लुगडं बाटवत आसंल, तर समद्या गोधड्या आना भाईर. बसते उसवत."

पूजानं मान खाली घातली. तिला माहीत होतं. तिनंच तर ओवून दिलं होतं.

आईचं लुगडं मी हिसकून काढलं. आणखी फाटलं. फाटलं तर फाटलं. सुई पदराला टोचली आणि निघाले. निघताना कोनाड्यातला कप घेतला आणि दगडावर आपटला.

पुढं मी कान देऊन होते. त्या घरातून एकही गोधडी बाहेर टाकली गेली नाही. थंडीचे दिवस होते.

पूजाला मुलगी झाली. बाजारातल्या चकचकीत रगात निजते म्हणे. त्या लेकराचा काही दोष नाही. मला वाईट वाटतं. वाटू दे.

लुगड्याचं लुगडं उरलं नाही. तुकडे उरले. आधी कुणी सांगितलं असतं की ते माझ्याच हातून फाटेल, तर मी पेटी उघडली नसती. आई कशी दिसायची हे आता मला नीट आठवत नाही, फोटो नाही. तो काठ आठवायचा. काठाचेही चार तुकडे झाले. ते मी माझ्या गोधडीला शिवले. मधल्या थरात नाही. वर, दिसतील असे.

महिन्याभरानं मालकिणीची सून माझ्या दारात आली. हातात कपड्यांची पिशवी.

"मावशी, झालं गेलं. घरी या की. गोठ्यात आता पंखा बसवलाय."

मी म्हणाले, "आत या, बसा." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी चहा केला. कानाच्या कपात ओतला, बशीत ठेवला आणि तिच्यापुढं धरला.

"मी चहा सोडलाय, मावशी."

"कवापासून?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मी कप उंबऱ्यावर ठेवला आणि सुई हातात घेतली. ती उभी होती. चहावर साय धरली. मग मी उठले, तो चहा तिच्यासमोर मातीत ओतला आणि पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

"बाई, आता असंच. ज्याला गोधडी पाहिजे त्यानं माझ्या घरात यायचं. आधी माझ्या हातचा चहा. मग कापड."

काम कमी झालंय. गावातली चार घरं येतात, बाकीची येत नाहीत. बोटं दुखतात, सुई दिसत नाही. दोरा अजून तोंडातच धरते.