फुलंब्रीचा ठिपका, पाचोडचा ठिपका

माझ्या मोठ्या जाऊबाई फुलंब्रीजवळ आमच्या शेतावर राहतात. मी तेव्हा शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आम्हा दोघींचं बोलणं सणावारापुरतं आणि उन्हाळ्यातल्या कुरडया-पापडांपुरतं. पण त्यांच्याबद्दल आज मला जो अभिमान वाटतो तो काही कुरडयांमुळे नाही.

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी एक साधं उपकरण पाहिलं. काचेच्या बरणीत दोऱ्यानं टांगलेलं लहानसं चुंबक, त्याला चिकटवलेला आरशाचा तुकडा, आणि समोरून त्या आरशावर सोडलेला लेझरचा बारीक झोत. झोत आरशावरून परततो आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. चुंबक केसभर फिरलं तरी ठिपका डोळ्यांना दिसेल इतका सरकतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की तिथून निघालेले कण पृथ्वीपर्यंत येतात, पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं आणि बरणीतलं चुंबकही त्याबरोबर हलतं. एवढ्याशा सामानात सूर्याची खबर लागते, हे माझ्या डोक्यातून जाईना.

सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ते मांडलं आणि पहिल्याच दिवशी हात टेकले. खाली पार्किंगमध्ये कुणी गाडी लावली की ठिपका पळायचा. लोखंड जवळ आलं की चुंबक त्याच्याकडं वळणारच. शेवटी मिस्टर म्हणाले, शेतावर ने. तिथल्या मागच्या खोलीत धान्याशिवाय काही नसतं.

जाऊबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग खोलीतला पत्र्याचा डबा, विळा, तराजू, सगळं त्यांनी स्वतः बाहेर काढलं. एवढंच विचारलं, "सूर्यावर काही झालं तर ते हितं आपल्या भिंतीवर दिसंल?"

"दिसेल ताई. पण वाट बघावी लागेल."

"वाट बघायची सवय हाय मला," त्या म्हणाल्या.

पहिल्या महिन्यातच त्यांनी मला फोन करून सांगितलं की ठिपका एका जागी राहत नाही. सकाळी जरासा उजवीकडं सरकतो, दुपारी डावीकडं येतो आणि दिवस मावळेपर्यंत जागेवर जातो. मला वाटलं, दोरा पिळत असेल. पण पुस्तकं काढून वाचलं तेव्हा कळलं की पृथ्वीचं चुंबकत्व शांत दिवशीही सूर्याबरोबर असंच थोडं झुलतं. ते मी त्यांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मला दिसलं ते खरंच व्हतं."

त्यानंतर त्यांनी भिंतीवर गेरूनं रेघा मारून घेतल्या. वीज गेली की ठिपका जायचा, आली की जाऊबाई आधी तो कुठल्या रेघेवर आहे ते बघायच्या आणि मगच चूल. मोठे दीर कुरकुरायचे. बायको भिंतीकडं बघत बसते म्हणून पारावर लोक हसतात, असं त्यांचं म्हणणं.

पावसाळा संपल्यावर एके दिवशी ठिपका एकदम वीतभर सरकला. आम्ही दोघी हरखून गेलो. शहरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांच्याकडं मी धावत गेले. त्यांनी शांतपणे विचारलं की भिंतीपलीकडं काही लोखंडी ठेवलंय का. जाऊबाईंनी जाऊन पाहिलं तर दिरांनी नांगर तिथंच टेकवून ठेवला होता. मी खचले. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. दुसरी बरणी दूर कुठंतरी मांडा, ते म्हणाले. फुलंब्रीतला नांगर तिथला ठिपका हलवू शकणार नाही. दोन्ही ठिपके एकाच वेळी हलले तर मात्र सूर्याशिवाय दुसरं कुणी नाही.

माझं माहेर पाचोडचं. वडिलांनी घरामागची गोठ्याची रिकामी खोली दिली. तिथं दुसरी बरणी लागली, भिंतीवर तशाच रेघा आल्या आणि नोंद वडील ठेवू लागले. पण दोन्ही ठिपके रोजच्यासारखे जात-येत राहिले, वेगळं काही होईना. असं वर्ष गेलं. मी एकदा म्हणालेही की आता आवरू या. जाऊबाई म्हणाल्या, "तुला आवरायचं तर आवर. माझी बरणी ऱ्हाऊ दे."

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी मी पाचोडला गेले होते. बाजाराचा दिवस होता, वडील बाजारात गेलेले. सकाळी जाऊबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण जरा दबलेला.

"ठिपका पार डावीकडं गेलाय. भिंतीमागं जाऊन आले, काय नाय. ट्रॅक्टर कन्नडला गेलाय."

मी फोन तसाच कानाला लावून गोठ्यात गेले आणि बरणीपासून लांब उभी राहिले. माझा ठिपकाही शेवटच्या रेघेच्या पलीकडं होता.

"ताई, इथंही गेलाय."

"थांब. आता माघारी फिरला बघ माझा."

माझाही फिरला. मग आम्ही कितीतरी वेळ एकमेकींना सांगत आणि वेळ टिपत राहिलो. आला, थांबला, परत निघाला. शहर मध्ये, एकीच्या आणि दुसरीच्या मध्ये इतकं अंतर, आणि दोन्ही भिंतींवर एकच हालचाल. बाजारातून परतलेले वडील पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहून ठिपका बघत राहिले.

आम्ही टिपलेलं सगळं प्राध्यापकांनी पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळेच्या आलेखाशेजारी ठेवून पाहिलं. चढ-उतार जुळत होते. बारीक थरथर आमच्याकडं सुटली होती, पण मोठ्या लाटा एकूण एक सापडल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघींना कॉलेजात बोलावलं. मला वाटलं होतं, मी बोलेन आणि जाऊबाई शेजारी बसतील. त्या म्हणाल्या, नांगराचं मी सांगते, ते मलाच नीट सांगता येईल. आणि त्यांनी फसलेली गोष्ट आधी सांगितली, मग जमलेली. हॉलच्या मागच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून मोठे दीर बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते हळूच सांगत होते की या आमच्या घरातल्या.

आता फुलंब्रीच्या शाळेतल्या मुली दर पावसाळ्यानंतर शेतावर येतात. जाऊबाई त्यांना आधी बांगड्या तपासायला लावतात, केसांतल्या पिना काढून उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगतात आणि मगच आत घेतात.