माझी कावीळ तपासणी

मी फारशी बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं मी चुकतही नाही. तर ऐका. आणि हसायचंच असेल तर शेवटी एकदाच हसा, मध्ये मध्ये नको!

झालं असं, आमच्या शेजारच्या भिकूतात्यांना कावीळ झाली. आमच्या मालवणच्या बाजूला कावीळ 'उतरवणारे' एक आजोबा आहेत. भला माणूस, कोणाकडून काही घेत नाही. तात्यांबरोबर मीही गेले. आजोबांनी तात्यांच्या तळहातांना आंब्याच्या सालीचा रस चोळला, वरून चुन्याची निवळी ओतली, आणि काय सांगू! खालच्या ताटात पिवळंधम्मक पाणी!

"बघ, कशी उतरता ती!" तात्यांची बायको म्हणाली.

मी डोळे फाडून बघत होते. आजार असा डोळ्यांदेखत बाहेर पडतो? आणि काही आठवड्यांनी तात्या खडखडीत बरेही झाले!

तेव्हा मला एक कल्पना सुचली. ज्याला आपण आजारी आहोत हे अजून माहीतच नाही, त्याचेही हात धुतले तर? डोळे पिवळे होण्याआधीच कावीळ पकडता येईल! मोठमोठ्या डॉक्टरांना हे कसं सुचलं नाही, याचं मला खरंच नवल वाटलं.

साल परसातल्या आंब्याची, चुना काकांच्या पानाच्या डब्यातला. वहीत रकाने आखले: नाव, वय, पाण्याचा रंग.

पहिली सापडली प्राजक्ता. माझ्या काकांची मुलगी, दहावीत, शाळेच्या कबड्डी संघात चढाईला पहिली. शनिवारी ओरोसला जिल्ह्याचे सामने होते. सराव करून आली ती घरासमोरच्या खळ्यातच आडवी झाली.

"प्राजू, हात दे."

"कित्या गो?"

"प्रयोग आहे."

"कर, पण बेगीन. माका भूक लागली हा."

निवळी ओतली. पिवळं!

मी तिच्या नावासमोर ठळक फुली मारली. मग आईचे हात धुतले. पिवळं. काकी, काका. पिवळं, पिवळं! आता तुम्ही म्हणाल, अगं, इथे तरी शंका यायला हवी होती. आली ना! मला विहिरीच्या पाण्याची शंका आली.

सांगायचं कोणाला? समोरासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणून क्रीडाशिक्षकांना चिठ्ठी लिहिली, समास सोडून, रेघा मारून. 'प्राजक्ताच्या जिवाला धोका आहे. निरीक्षणे सोबत जोडली आहेत.' सर नंतर म्हणाले, इतकं सुंदर अक्षर बघून शंका घ्यावीशीच वाटली नाही.

सरांनी प्राजक्ताला संघातून काढलं आणि घरी फोन केला. काकीने त्याच दुपारी तेल बंद केलं, मासेही बंद केले.

"ह्या काय गो?" काका ताटाकडे बघत म्हणाले. "नुसती पेज? बाजारातले बांगडे संपले?"

"आपणा सगळ्यांका कावीळ आसा."

"माका? अरे, मी आत्ता होडी वडून इलंय!"

"सानिकान वहीत लिवन ठेवला हा."

लिहून ठेवलंय म्हटल्यावर काका पेज प्यायले.

प्राजक्ता भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती, ते जास्तच वाईट. "वरीसभर गुडघे फोडून घेतलंय मी, सानू," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. शाळेनेच कळवलं होतं. त्यांनी सगळ्यांचे डोळे पाहिले, ताप आहे का, भूक लागते का, विचारलं. मग माझी वही मागितली.

"छान लिहिलंयस. पाणी पिवळं झालं नाही, असं कोण कोण?"

"कोणीच नाही, सिस्टर! टेस्ट एकदम पक्की आहे."

सिस्टरनी वही मिटली. "तुझी स्वतःची केलीस?"

नव्हती केली. तपासणारा कधी आजारी असतो का? मी हात चोळले, निवळी ओतली. पिवळं! शपथेवर सांगते, त्याच क्षणी मला मळमळायला लागलं.

सिस्टरनी कोपऱ्यातला सोललेला नारळ उचलला. त्याला रस चोळला, निवळी ओतली. पिवळी धार!

"म्हणजे माडाक पण?" काकांनी गंभीरपणे विचारलं.

"काका, रस नि चुना एकत्र आले की पिवळंच होणार, मग हात कोणाचाही असो." सिस्टर माझ्याकडे वळल्या. "जी टेस्ट सगळ्यांनाच आजारी ठरवते ती काहीच सांगत नाही, बाळा."

"पण तात्या बरे झाले ना?"

"तशी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपली आपण उतरते. काहींची मात्र बिघडते, म्हणून रक्त तपासायचं. आजोबांकडे जाऊन बरे न झालेले किती, ठाऊक आहे तुला?"

नव्हतं. बरे झालेले नारळ घेऊन आजोबांच्या पाया पडायला जातात. बाकीचे सांगायला परत कशाला जातील? तो रकाना मी आखलाच नव्हता!

सिस्टरनी चिठ्ठी लिहिली: प्राजक्ताला कोणतंही लक्षण नाही, ती खेळू शकते. "पहिली चिठ्ठी तुझी होती. ही पण तूच दे. आणि तोंडाने सांग."

तोंडाने!

शनिवारी सकाळी शाळेसमोर गाडी सुरू होऊन उभी. दारात सर, बाजूला माझ्या वर्गाच्या मॅडम, खिडक्यांतून सगळा संघ. प्राजक्ता बॅग घेऊन मला मागून ढकलत होती. "सांग गो! गाडी सुटतली!"

मी वाक्य पाठ केलं होतं: 'सर, माझ्या तपासणीत तुलनेसाठी निरोगी व्यक्ती नव्हती.' तोंड उघडलं आणि बाहेर पडलं,

"सर, नारळालासुद्धा कावीळ झाली!"

खिडक्यांतली सगळी डोकी बाहेर आली.

सरांनी माझ्या मुठीतली चुरगळलेली चिठ्ठी ओढून घेतली, दोनदा वाचली. "प्राजक्ता, चढ गाडीत!" ती अशी उडाली की तिथेच एक गुण द्यावा. मग सर मॅडमना हळूच म्हणाले, "ती बरी आहे. पण कावीळ हिच्या डोक्यापर्यंत पोचलीय वाटतं. आधी हिला दाखवून आणा."

तिकडे ओरोसला प्राजक्ता चढाया करत होती, आणि इकडे मी आरोग्य केंद्रात बाही वर करून रक्त देत होते.

रिपोर्ट नॉर्मल आला. अख्ख्या घरात कावीळ नसल्याचा सरकारी कागद फक्त माझ्याकडे आहे!