मास्तरांची बहीण

टेलरमास्तर सदुसष्ट वर्षांचे, एकटे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत नातेवाईक हवाच, असं हॉस्पिटलने बजावलं, तेव्हा दुकानात येऊन त्यांनी ऑपरेशनच रद्द झाल्याचं सांगून टाकलं. "माझं आहे कोण?"

काज-बटणं करणाऱ्या बाई एकोणीस वर्षं त्याच दुकानात बसत होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली. "आणि इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खाताय, ते कोण म्हणून?"

मास्तरांनी हॉस्पिटलला फोन करून तारीख कायम ठेवली.

ठरल्या दिवशी बाईंनी फॉर्मवर ठसठशीत अक्षरात 'बहीण' लिहिलं.

"आडनाव वेगळं कसं?" कारकुनाने विचारलं.

"लग्न झालंय माझं."

पंधरा दिवसांनी मास्तर कामावर आले. एक शर्ट उजेडात धरून म्हणाले, "बाई, सगळी काजं तिरकी गेलीत!"

"काहीतरीच! नेहमीसारखीच आहेत."

मास्तरांनी कपाटातून गिऱ्हाइकाने न नेलेला दोन वर्षांपूर्वीचा शर्ट काढला. त्याचीही तिरकी. दोन वर्षं दोघांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. बाई डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

"उद्या हॉस्पिटलला जायचं," मास्तर म्हणाले. "फॉर्म मी भरतो. नातं पाठ आहे मला."