दुःख बेल्टात होतं

आमच्या घरात बिघडलेली वस्तू एकच होती. ती मी दुरुस्त केली आणि घराची वाट लावली.

वस्तू म्हणजे टेपरेकॉर्डर. माझा मामा बोटीवर नोकरीला. बोट सुटायच्या दिवशी तो घाईघाईत चारकोपला आमच्याकडे आला, स्वतःचा जुना टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि वर एक परदेशी कॅसेट ठेवली. "जॅझ आहे, शुभा! एकदम झकास! पाय आपोआप हलतात!" एवढं मला सांगून चहासुद्धा न घेता गेला.

आम्ही कॅसेट लावली. कुणाचेही पाय हलले नाहीत. चार जण मिळून गात होते, पण एकेक सूर ओझं उचलून जिना चढावा तसा येत होता. शब्द फारसे नव्हतेच. "डूऽऽ... बाऽऽ... डूऽऽ..." आणि मध्येच एक खोल उसासा. कव्हरवर मात्र दोन बाया आणि दोन पुरुष बत्तीशी दाखवून हसत होते. (बायांचे आवाज कुठेच ऐकू येईनात. आई म्हणाली, "सर्दी झाली असतली.")

"मग हसतात कशाला?" मी विचारलं.

"फोटोपुरता," बाबा म्हणाले.

बाबांनी एवढं बोलणं हीच घरात मोठी गोष्ट होती. गिरणी बंद पडली, लालबागची खोली गेली आणि आम्ही इथे राहायला आलो, तेव्हापासून बाबा फक्त "हूं" म्हणायचे. जेवायला वाढू? हूं. डाळ खारट झाली? हूं. तीस वर्षं मागावर काम केलेला माणूस दुपारभर खिडकीशी बसून समोरची भिंत बघायचा. आता मात्र चार वाजले की ते स्वतः उठून कॅसेट लावू लागले. डोळे मिटून ऐकायचे, आणि संपली की त्या गायकांबद्दल बोलायचे!

"शबुद कळनत नाय, पण दुख्ख कळता," ते आईला सांगत. "माका वाटता, हेंची पण गिरणी बंद पडली असतली."

मी तेव्हा चारकोपच्याच एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडायला लागले होते. दिवसभर झाळकाम करून मला वाटायला लागलं होतं की मी इंजिनीअर आहे. एकदा मी टेपरेकॉर्डर उघडून पाहिला. आतला रबरी बेल्ट पार सैल पडला होता. मामाने बोटीवर वर्षानुवर्षं दामटवलेला! बाबांना खूश करायचं म्हणून पहिल्या पगारातून मी कांदिवली स्टेशनजवळच्या रेडिओवाल्याकडून नवा बेल्ट आणला, स्वतःच्या हाताने बसवला, रविवारी चारच्या ठोक्याला सगळ्यांना समोर बसवलं आणि बटण दाबलं.

"पाप पाप पारा पाप! डू बी डू बी डू!"

चौघंही टेबलावर उड्या मारत असावेत असं वाटलं. बायांची सर्दी बरी झाली होती. टाळ्या, चुटक्या, पियानो! उसासा वाटायचा ते चक्क खिदळणं होतं! माझे पाय हलायला लागले. आईचेही.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"तेच, बाबा! हे खरे. आधीचे खोटे होते. बेल्ट सैल होता ना, म्हणून कॅसेट हळू फिरायची!"

बाबा उठले. "मगे ते खंय गेले?" असं म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले ते "हूं" घेऊनच. चार वाजले की पुन्हा समोरची भिंत.

"बिघडलेला होता तांच बरां होता," आई म्हणाली.

मी ती कॅसेट एकटीने पुन्हा ऐकली. चांगली होती हो! खोटा आनंद असता तर सोडून दिला असता. पण ही माणसं मनापासून आनंदात होती, आणि नेमका त्याचाच मला राग येत होता. आमच्या घरात महिनोन्‌महिने रोज येऊन ती खिदळत होती आणि आम्ही त्यांना आपलं मानून बसलो होतो. मला ते हळू गाणारेच परत हवे होते.

मी रेडिओवाल्याकडे गेले. "जुना, सैल झालेला बेल्ट आहे का?"

"ताई, लोक नवा मागतात."

"मला मशीन हळू चालायला हवंय."

"बिघडवायचं आहे? मग बिघडवा ना. त्याला माझ्याकडे कशाला?"

तेही खरंच. मी नवा बेल्ट तांदळाच्या डब्यावर ताणून बसवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. मग परत आत घालून बटण दाबलं. गायक दोन ओळी अगदी छान रडले. मग मशीनने कॅसेट चावायला सुरुवात केली! झाकण उघडलं तर आतून तपकिरी फितीची शेवईच बाहेर. ओढली तर आणखी आली. घाबरून जोरात ओढली तर तुटली.

मी जमिनीवर बसून रडत असताना बाबा आत आले. फितीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सरक थंयसून," म्हणाले. "तीस वर्सां तुटलेले धागे जोडलंय मी."

आणि ते मांडी घालून बसले. बोटांच्या टोकांनी एकेक पीळ सोडवत गेले. घाई नाही, ओढाताण नाही. माग थांबू न देता काम करणारे ते हात मी पहिल्यांदाच बघत होते. चुरगळलेला तुकडा त्यांनी कापून टाकला, टोकाला टोक लावून बारीकशी चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलीने फीत गुंडाळली. मी निमूटपणे आणखी एक घट्ट, नवा बेल्ट आणून बसवला. गाणं लागलं. जोडाशी आलं तेव्हा गायिकेने अर्धी ओळ गिळली आणि पुढे धावली.

बाबा शेवटपर्यंत ऐकत बसले. "हसतत ते," म्हणाले. "पयल्यापासून हसतच होते. माका वाटला, माझ्याबरोबर रडतत." मग म्हणाले, "हसांदेत. कोणाक तरी हसाक येता, तां बरां."

आता यांच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे, असं वाटून मी वर पाहिलं. पंखा जरा करकरत होता. मी स्टूल ओढलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि वर चढले.

"उतर खाली!" बाबा ओरडले. "पंखो बरो चल्ता! त्येका हात लावू नको!"

आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गिरणी बंद पडल्यापासूनच्या दीड वर्षात पहिल्यांदा! चार परदेशी गायकांना जे जमलं नव्हतं, ते मी स्टुलावर नुसती चढून करून दाखवलं.